अमेरिका-मेक्सिको बॉर्डरवर एकटी येणारी मुलं: पटकन नातेवाइकांकडे सोडायची की तपासत बसायचं?

सॅनअँटोनियोकर
मंडळी, नमस्कार. विषय जरा जड आहे, पण घरात यावरून वाद चालू आहे म्हणून इथे टाकतोय. आमच्या गावात या मुलांसाठी फॉस्टर कुटुंबं, म्हणजे त्यांना तात्पुरतं घरी सांभाळणारी माणसं, शोधणाऱ्या एका संस्थेची माहिती-बैठक झाली, बायको जाऊन आली. ती म्हणते मुलगा कॉलेजला गेलाय, खोली रिकामी आहे, करूया. मी म्हणतो आधी कळू तरी दे आपण नक्की कशात पाय टाकतोय.

मला समजलं ते असं. अठराच्या आतलं मूल, कागद नाहीत, सोबत आईबाप नाहीत, म्हणजे 'अनअकम्पनीड'. बॉर्डर पेट्रोलने ७२ तासांच्या आत त्याला आरोग्य खात्याच्या ओआरआर नावाच्या ऑफिसकडे द्यायचं, तिथून शेल्टर, मग स्पॉन्सर शोधायचा, जो बहुतेक वेळा इथे आधीच राहणारा आई, बाप, काका, मोठी बहीण असा कोणीतरी असतो. त्याच्याकडे मूल सोडायचं आणि इमिग्रेशन कोर्टात केस चालू. कागदावर छान आहे. पण २०१४ पासून दर दोन-तीन वर्षांनी तेच फोटो येतात, चंदेरी पांघरुणं गुंडाळून फरशीवर झोपलेली मुलं. ओबामा, ट्रंप, बायडन, परत ट्रंप, सगळ्यांच्या काळात काही ना काही आहेच.

प्रश्न एवढाच: घाईने सोडलं तर मूल भलत्याच माणसाच्या हाती पडतं, कडक तपासलं तर महिनोन्‌महिने शेल्टरमध्ये कुजतं. सरकारने कुठल्या बाजूने चुकलेलं परवडेल?

झेंडू
रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर.

स्पष्टवक्ता
मूळ प्रश्न वेगळाच आहे. बारा-चौदा वर्षांच्या पोराला कोयोटेच्या, म्हणजे पैसे घेऊन बॉर्डर पार करवणाऱ्या दलालाच्या, हवाली करून हजारो मैल पाठवणारे आईबाप, त्यांना कोणी विचारणार की नाही? सरकारने कसंही हाताळलं तरी शिव्या सरकारलाच. जितकं चांगलं सांभाळाल तितकी जास्त येतील, साधा हिशोब आहे.

तांबडा_पांढरा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पॅरालीगल_पमी
मी ह्यूस्टनला इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात काम करते, त्यातल्या बऱ्याच केसेस मुलांच्याच, म्हणून जरा लांबण लावते.

पहिलं म्हणजे ही पद्धत कोणा सरकारला पाझर फुटून आलेली नाहीये, खटल्यातून आलीये. १९८५ साली एल साल्वाडोरहून आलेली फ्लोरेस नावाची पंधरा वर्षांची मुलगी कॅलिफोर्नियात पकडली गेली, मावशी घ्यायला तयार होती तरी सोडेनात कारण तेव्हाचा नियम फक्त आईबाप किंवा कायदेशीर पालक. तो खटला सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन शेवटी १९९७ ला तडजोड झाली, तीच फ्लोरेस सेटलमेंट. मुलांना शक्य तितक्या लवकर सोडा, आणि ठेवायचंच तर स्वच्छ, सुरक्षित जागी ठेवा. मग २००२ च्या कायद्याने मुलांचा ताबा इमिग्रेशनवाल्यांकडून काढून आरोग्य खात्याकडे दिला, आणि २००८ साली बुशच्या सहीने मानवी तस्करीविरोधी कायदा आला, ७२ तासांचा नियम त्यातला. त्यातच मेक्सिको आणि कॅनडाच्या मुलांना वेगळं काढलं, त्यांना तिथल्या तिथे चार प्रश्न विचारून परत पाठवता येतं. म्हणून होंडुरास, ग्वातेमाला, एल साल्वाडोरची मुलं आत दिसतात आणि मेक्सिकोची फारशी दिसत नाहीत.

सॅनअँटोनियोकर, तुम्ही सोबत आईबाप नाहीत म्हणालात ते बरोबर आहे, पण त्यात एक गोम आहे. आजीबरोबर आलेली सहा वर्षांची नात पण कायद्याने 'एकटी'च. सख्ख्या पंचवीस वर्षांच्या भावाबरोबर आलात तरी एकटे. आजी एका रांगेत, नात दुसऱ्या. हे २०१८ ला मुलांना आईबापांपासून तोडलं त्याच्याही आधीपासून चालू आहे आणि आजही आहे, त्याचे फोटो मात्र कुठे छापून येत नाहीत.

झेंडू
बापरे, हे आजीचं माहीत नव्हतं. आपल्याकडे तर अर्धी पोरं आजीच वाढवते.

डीएफडब्ल्यू_देशमुख
मला या मुलांबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण एक बोलू का. मी एच-वनबीवर आलो, रांगेत आहे, ग्रीनकार्ड कधी येईल देव जाणे. माझी मुलगी इथे चार वर्षांची असताना आली, इथेच शिकली, आणि २१ पूर्ण झाल्यावर तिला माझ्या व्हिसावर राहता येणार नाही, स्टुडंट व्हिसा काढा नाहीतर जा. तिच्यासाठी कोण खटला लढवतंय? नियमाने आलो हीच चूक झाली का आमची?

स्पष्टवक्ता
+१००. हेच म्हणतोय मी.

पॅरालीगल_पमी
देशमुख, तुमचं दुखणं खरं आहे. पण ही मुलं तुमच्या पुढे घुसली हा समज चुकीचा आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे एकच रस्ता असतो, आईबापांपैकी कोणी टाकून दिलं किंवा छळलं असं राज्याच्या कोर्टाकडून लिहून घ्यायचं आणि त्यावर १९९० पासून असलेला बालकांसाठीचा खास दर्जा मागायचा. तो मिळाला तरी ग्रीनकार्ड लगेच नाही, ती ईबी-४ नावाच्या ग्रीनकार्ड गटाची रांग, वर्षाला साधारण दहा हजार नंबर, आणि रांग काही वर्षांची. आता गंमत ऐका, त्याच ईबी-४ मध्ये धार्मिक सेवक पण येतात. २०२३ मध्ये परराष्ट्र खात्याने रांगेचा हिशोब बदलला, मध्य अमेरिकेच्या मुलांची वेगळी रांग मोडून सगळ्यांना एकत्र केलं, तेव्हापासून चर्चचे पाद्री आणि देवळातले पुजारी यांची वाट पाहणं एकदम वाढलं.

तांबडा_पांढरा
म्हणजे आमच्या मंदिरातले गुरुजी आणि होंडुरासचं पोरगं एकाच लायनीत?! हे गुरुजींना सांगतो, संकष्टीला एक्स्ट्रा आवर्तन.

झेंडू
तांबड्या 😂😂

न्यूजर्सीची_बाई
मी पब्लिक स्कूलमध्ये ईएसएल, म्हणजे इंग्रजी घरची भाषा नसलेल्या मुलांना इंग्रजी, शिकवते. आकडे राहू देत, माझा अनुभव सांगते. नववीत एक मुलगा होता, ग्वातेमालाचा, पहिल्या तासाला कायम डोकं बाकावर. मी आधी चिडायचे. मग कळलं की स्पॅनिशसुद्धा त्याची दुसरी भाषा, घरी माम बोलतात, म्हणजे मी स्पॅनिश भाषांतर करून देत होते तेही त्याच्या डोक्यावरून जात होतं. आणि झोप का, तर रात्री साफसफाईच्या शिफ्टला जायचा. स्पॉन्सर लांबचा काका, तो भाड्याचे आणि प्रवासाच्या कर्जाचे पैसे वसूल करत होता. काका राक्षस नव्हता हो, कॉन्फरन्सला आला होता, हात जोडून बोलला, त्याला स्वतःलाच तीन नोकऱ्या. पण पोरगं पंधरा वर्षांचं. काउन्सेलरने ज्यांना कळवायचं त्यांना कळवलं, तर पोरगा दुसऱ्या आठवड्यात शाळेतच यायचा बंद झाला, राहती जागा सोडून गेले म्हणे.

तर 'नातेवाइकाकडे सोडलं' इथे गोष्ट संपत नाही. त्यानंतर त्याच्याकडे कोण बघतं? माझ्या माहितीत कोणीच आलं नाही शाळेत विचारायला.

ओहायो_ओक
वरच्या प्रतिसादावरून आमच्या राज्यातलं प्रकरण आठवलं. २०१४ मध्ये मॅरियनजवळ अंड्यांच्या फार्मवर ग्वातेमालाची पोरं सापडली, पडक्या ट्रेलरमध्ये राहायची, दिवसाला बारा-बारा तास कोंबड्यांचे खुराडे साफ करायची, पगार दलालांच्या खिशात. आणि त्यातली काही मुलं सरकारने स्वतःच्या सहीशिक्क्याने त्या दलालांच्या माणसांकडे सोपवली होती! गावाकडे आईबापांकडून जमिनीचे कागद गहाण घेतलेले, म्हणजे पोरगं पळालं तर जमीन गेली. आमचे तेव्हाचे सिनेटर पोर्टमन (रिपब्लिकन) यांनी चौकशी लावली, २०१६ च्या जानेवारीत रिपोर्ट आला, त्यात निघालं की २०१४ ला पोरं इतकी आली की जागा रिकाम्या करायच्या घाईत तपासण्या ढिल्या केल्या होत्या. कोणी घरी जाऊन बघितलंच नव्हतं.

स्पष्टवक्ता
बघा, म्हणजे कडकच तपासायला पाहिजे. विषय संपला.

एलपासो_एकटा
नाही संपला. कडक तपासलं की काय होतं ते मी माझ्या गावापासून तासाभरावर बघितलंय. टॉर्नियो. २०१८ च्या जूनमध्ये सरकारने तिथे वाळवंटात या मुलांसाठी तंबू ठोकले, म्हणे काही आठवड्यांसाठी. झालं काय, की त्याच वर्षी नियम केला की स्पॉन्सरच नव्हे तर त्याच्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे बोटांचे ठसे द्या, आणि ते ठसे आयसीईला, म्हणजे पकडून परत पाठवणाऱ्या इमिग्रेशन पोलिसांना, पण दिले जाणार. आता ज्या घरात चार माणसं बिनकागदाची राहतात तिथे कोण ठसे द्यायला जाईल? खरंच काहींना पकडलंही. आई इथे, पोरगं तंबूत, आणि आई पुढे यायला घाबरते. बघता बघता टॉर्नियोत अडीच हजारांवर मुलं. डिसेंबरात तो घरातल्या सगळ्यांचा नियम मागे घेतला आणि जानेवारीत तंबू रिकामे! मुलं तीच, आईबाप तेच, एक नियम काढला फक्त.

लोक टॉर्नियो आणि झिरो टॉलरन्स, म्हणजे बॉर्डरवर आईबापांवर खटले भरून मुलं वेगळी काढायचं धोरण, यांची सरमिसळ करतात. तिथली बहुतेक मुलं एकटी आलेली होती. आईबापांच्या हातून काढून घेतलेली मुलं हा वेगळा प्रकार, तो अॅटर्नी जनरल सेशन्सच्या एप्रिल २०१८ च्या आदेशाचा, जूनमध्ये सॅन डिएगोच्या जज सब्रॉने थांबवला. त्या मुलांना तर सरकारनेच 'एकटं' केलं आणि मग एकट्या मुलांच्या खात्यात जमा केलं. कुठल्या मुलाचे आईबाप कोण याची धड यादी नव्हती.

डीएफडब्ल्यू_देशमुख
हे मात्र लाज आणणारं होतं. कुरिअरवाले साध्या पार्सलचा नंबर ठेवतात.

स्पष्टवक्ता
आणि बायडनच्या काळात काय दिवे लावले? २०२१ चा मार्च आठवा. टेक्सासच्या बॉर्डरवरच्या डॉना गावातले तंबू, जागा अडीचशेची, आत चार हजारांवर, बहुतेक मुलंच. ते नाही लाज आणणारं?

एलपासो_एकटा
आहे की. मी कुठे नाही म्हणतोय. त्या एका महिन्यात जवळजवळ १९ हजार मुलं आली आणि कोविडमुळे शेल्टरमधल्या खाटा आधीच कमी केलेल्या. मग डॅलसचं कन्व्हेन्शन सेंटर, इथे फोर्ट ब्लिसच्या लष्करी तळावर तंबू. त्यात आपले गव्हर्नर अॅबट यांनी अशा शेल्टर्सचे राज्याचे परवाने काढून घ्यायचा आदेश दिला, म्हणजे राज्याचे इन्स्पेक्टर तपासायला जायचे तेही बंद. बायडनवर राग, आणि देखरेख गेली मुलांवरची.

संपादक_मंडळ
चर्चा चांगली चाललीये. पक्षीय उणीदुणी राजकारण विभागात काढा, इथे मुलांबद्दल बोलूया.

म्युनिकची_मृण्मयी
जर्मनीतून. आमच्याकडे २०१५ ला सिरिया, अफगाणिस्तानची हजारो मुलं एकटी आली. इथे एकटं मूल सापडलं की सीमा पोलिस नाही तर युगेंडआम्ट, म्हणजे गावातल्या सगळ्याच मुलांसाठी असलेलं बालकल्याण खातं, ताब्यात घेतं. आणि प्रत्येक मुलाला एक फोरमुंड मिळतो, कायदेशीर पालक, जो कागद, शाळा, डॉक्टर सगळ्यावर सही करतो. २०१५ च्या नोव्हेंबरपासून कोट्याप्रमाणे राज्यांत वाटणी पण होते, नाहीतर सगळी मुलं आमच्या बव्हेरियातच अडकत होती.

फार गोडवे गात नाही, एका फोरमुंडकडे भरमसाठ मुलं असतात, वयावरून भांडणं होतात (पोरगं म्हणतं सोळा, डॉक्टर म्हणतो एकोणीस), अठरा झाले की आधार एकदम पातळ होतो. पण 'या मुलाचं उत्तर कोणी द्यायचं' याला एक नाव असतं. तुमच्याकडे ते नाव कोणाचं?

पॅरालीगल_पमी
मृण्मयी, नेमकं तिथेच बोट ठेवलंस. इथे कोणाचंच नाही. सोडल्यावर तीस दिवसांनी एक फोन करायचे. २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने काढलं की दोन वर्षांत असे ८५ हजार मुलांचे फोन लागलेच नाहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत कामगार खात्याने एका सफाई कंपनीला १५ लाख डॉलर दंड केला, १३ ते १७ वयाची १०२ मुलं आठ राज्यांतले कत्तलखाने रात्री धुवत होती.

त्यात वकील सरकारकडून नाही. खुनाच्या आरोपीला मिळतो, सात वर्षांच्या मुलाला डिपोर्टेशन कोर्टात हक्काने मिळत नाही. एका इमिग्रेशन जजने साक्षीत सांगितलं होतं की मी तीन-चार वर्षांच्या मुलांना इमिग्रेशन कायदा समजावलाय, २०१६ ला बराच गाजावाजा झाला त्याचा. सरकारच्या पैशातून काही मुलांना वकील द्यायचा कार्यक्रम होता, साधारण २६ हजार मुलं त्यात, २०२५ च्या मार्चमध्ये तोही तोडला, मग कोर्टाने परत चालू करायला लावला.

झेंडू
तीन वर्षांच्या मुलाला कायदा! माझ्या भाच्याला चप्पल उजवी-डावी समजावता येत नाहीये.

स्पष्टवक्ता
आणि तीन लाख मुलं हरवली असं म्हणतात, त्यांचं काय? ती पण फोन न उचललेलीच का?

पॅरालीगल_पमी
तो आकडा असा. गृहसुरक्षा खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं की २०१९ ते २०२३ मध्ये ३२ हजार मुलं कोर्टाच्या तारखेला आली नाहीत, आणि २ लाख ९१ हजार मुलांना कोर्टाची नोटीसच काढली नव्हती. नोटीस न काढणं हा सरकारी ढिसाळपणा, तेवढ्याने मूल हरवलं असं होत नाही, बरीचशी आपापल्या आईकडे शाळेत जात असतील. पण ती सगळी सुखरूप आहेत असं सुद्धा तेव्हा कोणी छातीठोक सांगू शकत नव्हतं, कारण तोवर बघायलाच कोणी गेलेलं नव्हतं. दोन्ही पक्षांना आकडा सोयीचा, मुलाच्या दारावर टकटक करणं गैरसोयीचं.

केंटची_काकू
इंग्लंडात पण उजेडच आहे बरं का. छोट्या होड्यांतून डोव्हरला उतरलेल्या एकट्या मुलांना होम ऑफिसने, म्हणजे गृहखात्याने, सरळ हॉटेलात ठेवलं. आमच्या कौन्सिलकडे जागा नाही, बाकीची कौन्सिलं घ्यायला नाखूश. त्या हॉटेलांतून मुलं गायब व्हायला लागली, २०२३ च्या जानेवारीत मंत्र्यांनी संसदेत कबूल केलं की दोनशे मुलांचा पत्ता नाही. जुलैत हायकोर्टाने सांगितलं की हॉटेलात नेहमीसाठी ठेवणं बेकायदेशीर. मुलं अशी लगेच पळतात कारण एजंटाचा नंबर पाठ असतो आणि सरकारी माणसाचं नावही माहीत नसतं.

रंकाळ्याकाठी
जरा अवांतर करतो, चालतंय न्हवं? आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या लोकांचा कॅम्प होता, १९४३ ते ४८. पाच हजाराच्या आसपास माणसं, बायका आन् पोरंच जास्त, सायबेरियातनं सुटून इराणमार्गे आलेली. अनाथ पोरांसाठी वेगळी सोय, शाळा, चर्च, थेटर, सगळं. आमचं आजोबा तिथं भाजी घालायचं, त्यांना पोलिश आकडे येत होतं मरेपर्यंत. म्हातारी झालेली ती पोरं अजून येत्यात बघायला. मला एवढंच म्हणायचंय की पोरं सांभाळायची म्हटलं तर सांभाळता येत्यात, तेबी गरीब मुलखात.

स्पष्टवक्ता
रंकाळा, ते बोलावून आणलेले होते, युद्धातले मित्रराष्ट्राचे, खर्चाची व्यवस्था ठरलेली. तुलना चुकीची.

एलपासो_एकटा
मग दुसरी तुलना घ्या. १९६० ते ६२, क्युबातून १४ हजार मुलं आईबापांशिवाय मियामीला विमानाने आली, ऑपरेशन पेड्रो पॅन. त्यांच्यासाठी अमेरिकन सरकारने व्हिसाची अट माफ केली, चर्चने घरं शोधली, सरकारने पैसे दिले. आईबापांनीच पाठवली होती ती पण, भीतीपोटी. तेव्हा कोणी नाही म्हणालं की कसले हे आईबाप. कारण कॅस्ट्रोपासून पळालेलं पोर हवं होतं, गँगपासून पळालेलं नकोय.

तांबडा_पांढरा
पॉपकॉर्न खाली ठेवला.

डीएफडब्ल्यू_देशमुख
आणि आपल्या लोकांचं पण बोला. या बॉर्डरवर भारतातली एकटी मुलंही सापडतात, गुजरात-पंजाबकडची, आईबाप आधीच आत आलेले, मागून पोर एजंटाबरोबर, खिशात फोननंबरची चिठ्ठी. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने परत पाठवलेल्यांना घेऊन लष्करी विमान अमृतसरला उतरलं त्या १०४ जणांत महाराष्ट्रातले पण तिघं होते. ती काही एकटी मुलं नव्हेत, पण 'आपण नियमवाले, ते घुसखोर' हे मी स्वतः म्हणत असलो तरी चित्र इतकं स्वच्छ नाहीये.

स्पष्टवक्ता
देशमुख, पलटी मारली राव तुम्ही.

डीएफडब्ल्यू_देशमुख
पलटी नाही. माझ्या मुलीचा प्रश्न आहे तिथेच आहे. तो या मुलांना तंबूत ठेवून सुटणार नाही एवढंच.

झेंडू
सध्या काय परिस्थिती आहे? बातम्यांत दिसत नाही फार.

पॅरालीगल_पमी
येणारी मुलं खूपच कमी झालीत. पण जी आत आहेत ती निघत नाहीत. २०२५ पासून स्पॉन्सरला डीएनए, उत्पन्नाचे पुरावे, ठरावीक ओळखपत्रं, आणि बिनकागदाच्या आईकडे ती नसतात. म्हणजे टॉर्नियोचाच नियम, फक्त तंबू नसल्यामुळे दिसत नाही. आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी, लेबर डेच्या सुट्टीत, ग्वातेमालाच्या मुलांना मध्यरात्री शेल्टरमधून उठवून विमानतळावर नेलं, ७६ मुलं विमानात बसवूनही झाली होती, तेव्हा एका जजने रविवारी सुनावणी घेऊन थांबवलं. आईबापांनीच परत मागितलीत असं सरकार म्हणालं होतं, ते पुढे कोर्टात टिकलं नाही.

स्पष्टवक्ते, तुम्हाला कडक पाहिजे ना, मलाही पाहिजे. पण कडक कुठे? आई आपलीच आहे हे सिद्ध करायला सहा महिने, आणि लांबच्या 'काका'कडे गेलेल्या मुलाला नुसता फोन, हे उलटं आहे. आई असेल तर आठवड्यात सोडा. काका-मामा-ओळखीचा असेल तर आधी घर बघा आणि नंतर वर्षभर जात राहा. माणसं त्या 'नंतर'वर लावा.

न्यूजर्सीची_बाई
पमी, हे छापून लाव. आणि शाळेला धरा त्यात. मूल रोज कुठे असतं हे आम्हालाच पहिलं कळतं.

स्पष्टवक्ता
आईच्या बाबतीत ठीक आहे, मान्य. पण डीएनए तरी घ्याच, त्याला आठवडा पुरतो. बाकी आईबापांवरचं माझं मत कायम.

सॅनअँटोनियोकर
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. बायकोला धागा वाचायला दिला, ती म्हणाली 'म्हणजे तू अजून नाही म्हणतोयस?' तर आता प्रॅक्टिकल. कोणी स्वतः हे फॉस्टर केलंय का? आम्ही दोघं पन्नाशीचे, शाकाहारी, स्पॅनिश मोडकंतोडकं.

ऑस्टिनची_अनघा
आम्ही केलंय. हा धागा वाचत होते पण आत्तापर्यंत लिहिलं नाही. संस्था बॅकग्राउंड चेक करते, घर बघते, ट्रेनिंग असतं, औषधं कुलपात, पूलला कुंपण असल्या बारीकसारीक अटी खूप. आमच्याकडे यायची ती मुलं दिवसा संस्थेच्याच शाळेत, संध्याकाळी आणि रात्री आपल्याकडे. फोटो सोशल मीडियावर अजिबात नाही, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पण नाही (सासूबाईंना हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं). मूल कधी जाणार ते आधी सांगत नाहीत, स्पॉन्सर मंजूर झाला की पिशवी भरायची. पूर्वी पटापट जायची, आता राहतात, आणि राहिल्यावर चिडतात, रात्री उठून बसतात, त्याची तयारी ठेवा.

स्पॅनिश येईल हळूहळू. शाकाहाराचं संस्थेला आधीच स्पष्ट सांगा, काही ठिकाणी अडतं. आमच्याकडे अंडी चालायची त्यामुळे निभावलं.

सॅनअँटोनियोकर
अंडी घरात येत नाहीत. हा पुढचा वाद झाला.

रंकाळ्याकाठी
राजमा, भात, मक्याची भाकरी. तिकडं बी तेच खात्यात की वो, बिनधास्त करा.

ऑस्टिनची_अनघा
आमच्याकडचा एक तर भाकरीला हसायचा, फार जाड म्हणायचा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, ट्रेनिंगच्या तारखा आणि फॉर्म पाठवते.